बिल्ल्याची पाठ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी घोलपबाईंचं नाव घेतो. आमच्या तालुक्याच्या गावात त्या गणित आणि मराठी शिकवायच्या. त्या नसत्या तर मी आज वरातीत साइड ड्रम वाजवत असतो, आणि तोही बेताचाच. माझे वडील, म्हणजे आबा, ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

पण हे लिखाण बाईंवर नाही. बाईंवर लिहायचं तर आधी शुद्धलेखन पक्कं हवं. त्या लोकांच्या लग्नपत्रिका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवायच्या, तेव्हा तेवढी हिंमत मला होत नाही. हे लिखाण कोलकात्यातल्या माझ्या घरमालकांवर आहे. बाई कोण होत्या ते मला त्यांनी सांगितलं. ते बाईंना कधी भेटले नव्हते. त्यांनी बाईंची फक्त एक वेलांटी पाहिली होती.

सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये मला नोकरी लागली तेव्हा तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत कुणीतरी सांगितलं की बागबाजारला एक मराठी गृहस्थ वरची खोली भाड्यानं देतात. माणूस सज्जन आहे, पण जरा... असं म्हणून सांगणाऱ्यानं हात हवेत गोल फिरवला. मी पत्ता घेऊन गेलो. दारात सत्तरीचे, उंच, धोतरावर बंद गळ्याचा कोट घातलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"पाठ करा," ते म्हणाले.

शाळेत हे शब्द इतक्यांदा ऐकले होते की मी विचारलं, "काय पाठ करू?"

"काही पाठ करू नका. पाठ करा. माझ्याकडे."

मी वळून उभा राहिलो. त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर, मग चपलांच्या टाचा आणि शेवटी पिशवीची मागची शिवण पाहिली. कॉलर विरल्यावर आईनं ती उसवून उलटी करून शिवली होती. मला लाज वाटली. ते म्हणाले, "कॉलर उलटून शिवलेली आहे. आणा सामान."

पुढून सगळे खरे असतात, हे त्यांचं आवडतं वाक्य. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला शेवटपर्यंत अहो-जाहो करत, एक दिवस सोडून. त्या दिवसाकडे मी येणारच आहे.

गल्लीत त्यांचं नाव बर्गीबाबू होतं. बर्गी म्हणजे बंगालवर चालून गेलेले मराठे स्वार. त्यांना अडवायला शहराभोवती जो खंदक खणला, तो इथे बागबाजारातूनच सुरू व्हायचा. खंदक कधीच बुजला, पण बर्गी हा शब्द बुजलेला नाही. तिथे अजून मुलांना निजवताना त्याची भीती घालतात. शेजारी म्हणत, एवढा खंदक खणला, तरी एक बर्गी बँकेच्या बदलीचा हुकूम घेऊन आत शिरलाच. त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर होतं. ते सोप्या बंगालीत, अगदी गंभीरपणे सांगत की मी चौथाईच्या वसुलीला आलेलो नाही, मी लॉकर विभागात आलो होतो.

लॉकर विभागातच त्यांचं आयुष्य वाकडं झालं. बँकेत एक बेवारस लॉकर नियमाप्रमाणे पंचांसमोर उघडण्यात आला आणि आतल्या वस्तूंची यादी करायचं काम काकांकडे आलं. दोन बांगड्या, एक तुटका चष्मा आणि एक काळपट बिल्ला. काकांनी लिहिलं, 'पक्षी असलेला बिल्ला, नग एक.' साहेबांनी यादी वाचली आणि विचारलं, "कुठला पक्षी?"

काकांना उत्तर देता आलं नाही. बिल्ला लाखेच्या मोहरेत बंद होऊन मुख्य कार्यालयात गेला आणि पुन्हा दिसला नाही. तो पक्षी शोधण्यात काकांची पुढची तीस वर्षं गेली. शोधता शोधता त्यांना कळलं की तो बहुधा गरुड होता, आणि बहुधा जर्मन होता. पहिलं महायुद्ध हरून परतलेल्या सैनिकांनी तिकडे ज्या खाजगी पलटणी उभ्या केल्या, त्यांपैकी एखादीचा तो असावा. सरकारी सैन्य नव्हे. स्वतःच गणवेश शिवायचे, स्वतःच स्वतःला बिल्ले द्यायचे आणि रस्त्यावर विरोधकांना झोडपायचं, असा त्यांचा कारभार. दोन महायुद्धांमधल्या त्या वर्षांत अशा पलटणी पुष्कळ होत्या, आणि प्रत्येकीचे बिल्ले वेगळे. त्यातले किती खरे आणि किती मागाहून विक्रीसाठी केलेले, हे ओळखण्यात काका इतके तयार झाले की परदेशातले संग्राहकसुद्धा त्यांना फोटो पाठवून विचारू लागले. कोलकात्यात आल्यापासून काका जर्मनीलाच काय, कटकच्या पुढेही कधी गेले नव्हते.

मी एकदा विचारलं की ही माणसं चांगली होती का? काका म्हणाले, "अजिबात नाही. त्यातले बरेच पुढे आणखी वाईट ठिकाणी गेले. पण पिन चांगली लावायचे."

त्यांचा एक नियम होता. बिल्ला अंगावर लावायला हवाय म्हणणाऱ्या माणसाला ते कपाट उघडून दाखवत नसत. एकदा एक तरुण आला आणि म्हणाला की मोटरसायकलच्या जाकिटावर गरुड शोभून दिसेल. काकांनी त्याला चहा पाजला, पाठ करायला सांगितलं, पाठ पाहिली आणि निरोप दिला. नंतर मला म्हणाले, "बिल्ला छातीवर आला की माणूस आरशात फक्त पुढून बघतो."

ते स्वतः पुढून काहीच बघत नसत. जेवायला बसले की आधी ताट उलटं करून खालचा शिक्का वाचत. स्वयंपाक करणाऱ्या मालतीदींनी तीनदा वाढलेल्या ताटातली डाळ त्यांच्या मांडीवर गेलेली पाहिली. तेव्हापासून त्या रिकामं ताट आणून आधी त्याची पाठ काकांपुढे धरायच्या, काका मान डोलवायचे आणि मग डाळ पडायची. हा विधी दिवसातून दोनदा व्हायचा. पूजेच्या दिवसांत सगळं बागबाजार देवीच्या मुखाकडे बघायला लोटतं, तेव्हा काका मंडपामागच्या बोळात शिरून मूर्तीच्या मागून दिसणारे बांबू, सुतळी आणि पेंढा बघत. कार्यकर्ते आधी हाकलायचे. पुढे त्यांनी नाद सोडला आणि मागच्या बाजूला त्यांच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवायला सुरुवात केली. काका तिथे तासभर बसत आणि निघताना अध्यक्षांना सांगत, यंदा पेंढा चांगला आहे. अध्यक्षांना ते ऐकायची सवय झाली होती. एका वर्षी काका तापानं आजारी होते, तर अध्यक्ष घरी विचारायला आले की पेंढ्याचं कसं करायचं.

जर्मन भाषा त्यांना जेवढी बिल्ल्यांच्या पाठीवर असते तेवढीच यायची. त्यातले दोन शब्द त्यांचे विशेष लाडके होते. पुष्कळ बिल्ल्यांच्या मागे 'कायद्याने संरक्षित' अशा अर्थाचा शिक्का असतो, त्याचं छोटं रूप. रोमन लिपीत पहिल्या शब्दाची तीन अक्षरं, दुसऱ्याची पाच. काका त्याचा उच्चार 'गेस् गेश्' असा करत. रोज बाहेर पडताना दाराला कुलूप लावलं की ते हिसका देऊन बघत आणि म्हणत, "गेस् गेश्." म्हणजे आता घर कायद्याने संरक्षित झालं. मालतीदीही स्वयंपाकघराला कडी घालताना तेच म्हणायच्या. फक्त त्यांच्या बंगाली जिभेवर ते 'गेश् गेश्' व्हायचं. काका रोज दुरुस्त करायचे, मालतीदी रोज ऐकून घ्यायच्या आणि रोज गेश् गेश् म्हणायच्या.

ह्या गेश् गेश्‌वरूनच नंदीबाबू पकडले गेले.

नंदीबाबू एस्प्लनेडला फुटपाथवर जुनी नाणी, तिकिटं आणि पदकं विकायचे. काकांचं प्रमाणपत्र जोडलं की माल पटकन उठतो, म्हणून ते महिन्यातून एकदा डबा घेऊन येत. काका प्रमाणपत्र मराठीतच लिहायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, इंग्रजीत मला खोटं बोलणं सोपं जातं. तेव्हा परदेशी गिऱ्हाइकांसाठी त्याचं इंग्रजी करायचं काम माझ्याकडे आलं. प्रमाणपत्राचे प्रकार तीनच होते. अस्सल. नक्कल. सांगता येत नाही.

त्या दिवशी नंदीबाबूंनी एक क्रूस आणला. काळं मीनाकाम, कडेला चांदीची रेघ, देखणी वस्तू. काकांनी नेहमीप्रमाणे तो पालथा करून भिंगाखाली धरला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता असा आनंद पसरला. त्यांनी नंदीबाबूंना विनंती केली की मागचे शब्द जरा मोठ्यानं वाचा.

"गेश् गेश्," नंदीबाबू म्हणाले.

"कारागिराला फोनवर सांगितलंत ना?"

 मीही भिंगातून पाहिलं. पहिल्या शब्दात तीन अक्षरं हवी होती. तिथे पाच होती. तोच शब्द दोनदा ठोकलेला होता. थोड्या वेळानं नंदीबाबूंनीच सगळं सांगितलं. कारागीर इथल्याच चितपूरचा, देवाची पितळी भांडी करणारा. नमुन्याच्या पाठीचा फोटो धूसर आला होता, म्हणून शब्द फोनवर सांगावा लागला. एकदा सांगून, स्पेलिंग देऊन झाल्यावर कारागिरानं विचारलं होतं की दादा, दुसरा शब्द काय? हे म्हणाले, तोच, पुन्हा. दोघांनाही त्यात काही फरक ऐकू आला नव्हता.

मला वाटलं आता भांडण होणार. काकांनी तो क्रूस विकत मागितला. त्यांच्या कपाटात खऱ्या बिल्ल्यांचे खण साध्या फडक्याचे होते आणि खोट्यांचा एक खण निळ्या मखमलीचा. कारण विचारलं तर म्हणत, खऱ्याला कशाला मखमल, तो कुठेही खराच असतो. तिथे त्यांनी क्रूस ठेवला आणि प्रमाणपत्र लिहिलं, 'जर्मन बिल्ला नव्हे. चितपूर येथील बिल्ला. अस्सल.' नंदीबाबू जिना उतरताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले की बर्गीनं पुन्हा लुटलं. पुढच्या महिन्यात मात्र डबा घेऊन परत आले.

ह्या सगळ्यात मी सुखानं राहत होतो. मग गावाकडून फोन आला. शाळेची नवी इमारत झाली होती आणि उद्‌घाटनाच्या दिवशी घोलपबाईंचा सत्कार ठरला होता. माजी विद्यार्थी म्हणून मी बोलावं, अशी मुख्याध्यापकांची इच्छा होती. तुळशीचं लग्न झालं की लगेच कार्यक्रम.

मी काय बोलणार ते मला तेव्हाच कळलं. मी पदकाबद्दल बोलणार होतो.

मी सातवीत होतो. माझ्या मापाचा ड्रमचा पट्टा कापून तयार होता, आणि येत्या लग्नसराईपासून मी आबांबरोबर जायचं ठरलं होतं. एका संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि आतून एक पितळी पदक काढलं. त्यावर लिहिलं होतं, 'जिल्हा गणित प्रावीण्य, प्रथम'. आबांनी ते हातात घेऊन वजन केलं. बँडमध्ये बिल्ला फक्त मास्तरच्या कोटावर असतो, त्यामुळे बिल्ला ही काय चीज आहे ते आबांना पक्कं माहीत होतं. अक्षरांच्या बाजूला दोन लहान गोल होते, मधून दोरीसारखी रेघ. आबा म्हणाले, ही झांज दिसते. मी त्यांना समजावलं की हे गणितातलं अनंताचं चिन्ह आहे. बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. आबा म्हणाले, "सरकारनं पोराला बिल्ला दिलाय. आता सरकारचं ऐकायला पाहिजे."

पट्टा चुलतभावाला गेला. मी आठवीत गेलो.

पदक मात्र माझ्याकडे राहिलं नाही. आबांनी ते आपल्या बँडच्या कोटावर लावलं आणि गेली पंधरा-सोळा वर्षं प्रत्येक वरातीत लावलं. नवरदेवाकडचे विचारत, मास्तर, हे कशाबद्दल? आबा सांगत, गणिताबद्दल. कोणी अधिक विचारत नसे.

सत्काराच्या दिवशी ते पदक काकांच्या प्रमाणपत्रासकट चौकटीत घालून स्टेजवर सर्वांना दाखवावं, अशी माझी कल्पना होती. परदेशातले लोक ज्या माणसाचा शब्द मानतात, त्याच्या हातची 'अस्सल' ही मोहोर. मी आबांकडून पदक मागवलं. त्यांनी लग्नसराईच्या आत परत पाठवायच्या अटीवर ते कुरियर केलं, आणि सोबत कोटाचा त्या जागेचा उसवलेला धागाही चुकून आला. पूजा आटोपलेली होती. आबांच्या झांजेची आणि माझ्या अनंताची गोष्ट ऐकत काकांनी पदक घेतलं, पालथं घातलं आणि म्हणाले, बघतो.

एरवी त्यांना अर्धा तास लागायचा. तीन आठवडे गेले. मी विचारलं की ते म्हणत, चालू आहे. मग एके दिवशी मालतीदी वरच्या मजल्यावर धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, बाबूंचं काहीतरी बिघडलंय. त्यांनी आज ताटाची पाठ पाहिली नाही, सरळ जेवले.

रविवारी सकाळी काकांनी मला खाली बोलावलं. टेबलावर पदक पालथं ठेवलेलं होतं, निळ्या मखमलीवर. मखमल म्हणजे खोट्यांचा खण.

"बस," काका म्हणाले. तो एकेरीचा दिवस हाच. "ह्याचा समारंभ कुठे झाला होता?"

मी सांगितलं की समारंभ रद्द झाला होता, म्हणून बाई पदक घरी घेऊन आल्या.

"आणि स्पर्धा?"

"शाळेतच. बाईंनी पेपर दिला, मी मधल्या सुट्टीत सोडवला."

"स्पर्धेला किती मुलं होती?"

 हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी गणिताचा विद्यार्थी, तरी मीही तो स्वतःला विचारला नव्हता.

"मी एकटाच होतो," मी म्हणालो.

काकांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. आधी पाठ दाखवली. पिन झिजून वाकलेली, कडेला हिरवी पुटं. हा घाम आहे, ते म्हणाले, पुष्कळ वर्षांचा, ही वस्तू कपाटातली नाही. मग त्यांनी पदक सुलटं केलं. त्यांना एखादी वस्तू आपणहून सुलटी करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. पितळेचा पुढचा भाग कानशीनं घासलेला होता. जुनी अक्षरं काढून त्यावर नवी कोरली होती. जुन्यातलं फक्त एक चित्र कडेला उरलं होतं, कारण तिथे कानस पोचत नव्हती.

"टाळ आहेत हे," काका म्हणाले. "भजनाच्या स्पर्धेचं पदक आहे. तुझे वडील झांज म्हणाले ते बरोबर होते. अनंताचं चिन्ह म्हणणारा तू चुकलास."

"पण नवी अक्षरं तर सरकारी असतील."

"सगळ्यात आधी मला तिथेच शंका आली. 'प्रावीण्य' वाच. कुठली वेलांटी आहे?"

"दुसरी."

"इकडे बदली होण्याआधी बँकेतर्फे मी गावोगावचे बक्षीससमारंभ पाहिले. ढाली पाहिल्या, चषक पाहिले, पदकं पाहिली. प्रत्येकावर पहिली असते. पदकाची ऑर्डर देणारा पहिली लिहितो, कोरणारा पहिली कोरतो, देणारा, घेणारा कुणाला कळत नाही. एवढ्या सगळ्यांच्या हातून जाऊन हा शब्द शुद्ध राहूच शकत नाही. हे एकाच माणसानं ठरवलंय, लिहिलंय आणि कारागिराच्या डोक्यावर उभं राहून कोरून घेतलंय. आणि ही वेलांटी बघ. खाली येऊन आत वळते. कारागीर सरळ रेघ मारून मोकळा होतो. हे फळ्यावर लिहिणाऱ्या हाताचं वळण आहे."

ते वळण मी ओळखलं. पाच वर्षं मी ते पाहिलं होतं. वहीत पहिली वेलांटी आली की बाई फक्त "दुसरी" एवढंच म्हणायच्या आणि बोट ठेवून उभ्या राहायच्या, आपण दुरुस्त करेपर्यंत. मग मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवली नसती तर बरं, असं वाटलं. बाई दर गुरुवारी भजनाला जायच्या. त्यांच्या घरी भिंतीवर एक काचेची चौकट होती, लाल कापडावर चार जागा, तीन पदकं. चौथ्या जागी कापड गोल आकारात जास्त लाल होतं. शिकवणीला बसलो की मी त्या गोलाकडे बघत बसायचो.

"म्हणजे खोटं आहे," मी म्हणालो.  मी जिल्ह्यात पहिला, ह्या तीन शब्दांवर मी कॉलेजात गेलो होतो, वसतिगृहात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांमध्ये उभा राहिलो होतो, नोकरीच्या मुलाखतीतही ते सांगितलं होतं. जिल्हा नव्हता. स्पर्धा नव्हती. एक मुलगा आणि एक बाई होती.

काकांना राग आला. त्यांच्या विषयात कुणी चुकीचा शब्द वापरला की येतो तसा.

"खोटं कशाचं? नक्कल व्हायला आधी अस्सल असावं लागतं. जिल्हा गणित प्रावीण्य पदक असं पदक कधी, कुठे, कुणी दिलेलंच नाही. मग ही कशाची नक्कल? हे एकच आहे. ते गरुड हजारांनी पाडले. स्वतःच स्वतःला दिलेले बिल्ले सगळे, आणि ते अस्सल म्हणून मी सही करतो. हे एका माणसानं स्वतःचं घासून दुसऱ्याला दिलंय. तीस वर्षांत माझ्या टेबलावर असं काही आलेलं नाही."

"मग तीन आठवडे का लागले?"

"तुला सांगायचं कसं, त्याला लागले. बाकीचं पहिल्याच दिवशी झालं होतं."

मखमल का, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं की खरं कुठेही खरंच असतं, पण ह्याला साध्या फडक्यावर ठेवायला हात होईना.

प्रमाणपत्र त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. 'पितळी पदक, नग एक. मूळ भजन स्पर्धेचे, नंतर गणिताचे. वापर भरपूर. अस्सल.' फक्त 'बनवणार' ह्या रकान्यापुढे जागा मोकळी ठेवली. मी म्हणालो की लिहा ना घोलपबाई. ते म्हणाले, असं कसं लिहू, तुलनेला नमुना नाही. त्यांच्या हातची एक तरी वेलांटी समोर हवी, दुसरी, आणि मिळाली तर ह्याच शब्दातली.

मी म्हणालो, बाईंना मागू कशी? त्यांनी एवढी वर्षं जे सांगितलं नाही ते मला कळलंय, असं त्यांना कळवायचं का? सत्काराच्या तोंडावर? आणि स्टेजवर बोलायचं काय? काका खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "मागू नकोस. बाई मास्तरीण आहेत. एक चूक करून पाठव."

त्याच संध्याकाळी मी पदक आबांना परत पाठवलं आणि बाईंना पत्र लिहिलं. काकांनी खाली कार्बन घालायला लावला, बँकेची सवय. पत्र पाकिटात गेल्यावर त्यांनी पाकीट उलटून डिंक नीट लागलाय ना ते पाहिलं, अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाले, "गेस् गेश्." आतून मालतीदीही काहीतरी तसंच म्हणाल्या.

कार्बनमुळेच ते पत्र मला इथे देता येतं. ही नक्कल आहे. अस्सल बाईंकडे आहे.

बागबाजार, कोलकाता

ती. बाईंस,

साष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. घरमालक मराठी आहेत, स्वभावानं कडक आहेत आणि माझ्या पाठीशी आहेत. तुमच्या सत्काराला मी नक्की येतो. मला बोलायला सांगितलं आहे, पण भाषण लिहून काढलेलं नाही, कारण लिहिलं तर तुम्हाला दाखवावं लागेल.

एक विचारायचं होतं. भाषणात मी जिल्ह्यात पहिला आलो होतो, असं म्हणणार होतो. आता ते म्हणणार नाही. घोलपबाईंच्या वर्गात होतो, एवढंच म्हणेन. तेवढं पुरेसं आहे असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटत असलं तर कळवा, तुम्ही सांगाल तसं बोलेन.

त्या दिवशी आबांचा बँड वाजणार आहे. ते कोटावर बिल्ला लावून येतील. त्यांना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. फक्त बिल्ल्यावरचं चित्र झांजेचं आहे, हे त्यांचं म्हणणं खरं होतं, माझं चुकलं होतं, एवढं मी त्यांना फोनवर कबूल केलं. ते खूप हसले.

कार्यक्रमात भजन ठेवावं, असं मी मुख्याध्यापकांना सुचवलं आहे. तुम्ही नाही म्हणू नका.

घाईत लिहिलं आहे. शुद्धलेखनाची चूक राहिली असेल तर नेहमीप्रमाणे लाल शाईनं दुरुस्त करून हेच पत्र परत पाठवा. मी वाट पाहतो. तुम्ही दिलेलं गणित प्राविण्य पदक आम्ही जपून ठेवलं आहे.

आपला विद्यार्थी,
सातवी ब, हजेरी क्रमांक एकोणीस